ओल आधी ओळखा, मग खोली सजवा

आपल्या वस्त्यांमध्ये तळघर मुद्दाम कोणी बांधत नाही. राहत्या घराचेच हळूहळू तळघर होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्याच घरात आज तीन पायऱ्या उतरून जावे लागते. आधी डांबरी रस्ता झाला, मग डांबरावर डांबर पडले, पुढे सिमेंटचा रस्ता आला. दर वेळी रस्ता वर चढला आणि घर होते तिथेच राहिले. कुटुंब वाढले की वर एक मजला चढतो, सगळे वर जातात आणि खालची खोली अडगळीची होते. पुन्हा जागा कमी पडली की तिची आठवण येते. "खालची खोली नीट करून घेऊ, आजी झोपेल तिथे," असे कोणीतरी म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका घरी आम्ही घरभेटीला गेलो होतो. सून गरोदर होती, दिवस भरायचे होते ऐन पावसाळ्यात. सासूबाई म्हणाल्या, "ताई, खाली बाळंतिणीची सोय करतोय. भिंतींना छातीभर टाइल्स लावून घेतो, वर पीओपी करतो. ओल दिसणारच नाही."

आम्ही खाली उतरलो. कुबट वास आला. भिंतीला हात लावला तर गिलाव्याचा भुगा हाताला लागला. गुडघ्याच्या वरपर्यंत पांढरा लोणा फुटला होता आणि कोपऱ्यात काळी बुरशी होती. आम्ही म्हणालो, "आत्या, ओल दिसणार नाही हे खरे. पण ती जाणारही नाही. टाइल्सचे पैसे थोडे थांबवा."

हा लेख त्या खोलीवर आम्ही सगळ्यांनी मिळून जे काम केले, त्यावरून लिहिला आहे. पुष्कळ घरांत हीच खोली आहे आणि उन्हाळ्यात हाच बेत ठरतो.

ओलीने शरीराला काय होते

आम्ही बालरुग्णांच्या वॉर्डात काम करत होतो तेव्हाची गोष्ट. दम लागलेले मूल यायचे. नेब्युलायझर, औषधे, दोन-तीन दिवसांत मूल हसत घरी जायचे. पंधरा दिवसांनी तेच मूल, तीच धाप. आम्ही केसपेपरवर औषध लिहून घ्यायचो, पण "बाळा, तू झोपतोस कुठे?" हे कोणी विचारत नसे. वॉर्ड सोडून वस्तीत काम करू लागल्यावर हा प्रश्न आम्ही आधी विचारू लागलो.

ओल्या भिंतीवर बुरशी वाढते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. त्याने दमा बळावतो, खोकला हटत नाही, नाक चोंदते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना त्रास जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, यावरून विषय किती गंभीर आहे ते कळावे.

हा प्रश्न फक्त आपल्या वस्त्यांचा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा वारला. घर भाड्याचे होते, भिंतींवर बुरशी होती. वडील २०१७ पासून तक्रार करत होते. त्यांना सांगण्यात आले, वरून रंग मारून घ्या. या कुटुंबाच्या राहणीमुळेच ओल येत असावी, असेही गृहीत धरले गेले. २०२२ मध्ये चौकशीत स्पष्ट झाले की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळेच त्या बालकाचा जीव गेला. पुढे २०२३ मध्ये तिथे त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी कायद्याची तरतूद झाली. "रंग मारून घ्या" आणि "तुम्ही राहताच तसे" ही दोन्ही वाक्ये आपण इथेही ऐकली आहेत.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. क्षयरोग ओलीमुळे होत नाही. तो जंतूमुळे होतो आणि आजारी माणसाच्या खोकल्यातून हवेमार्फत पसरतो. पण खालची खोली बहुधा बंद असते, तिथे ऊन येत नाही, वारा खेळत नाही. अशा खोलीत जंतू हवेत जास्त वेळ टिकतात. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांतले काही असेल तर "ओलीचा खोकला" म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

पाणी कोणत्या वाटेने येते?

ताप आला की आपण आधी कारण शोधतो. ओलीचेही तसेच. खोलीत पाणी तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट बाहेरची. छताचे पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडते, गटार तुंबून भिंतीत मुरते, शेजारच्या मोरीतून झिरपते. अशी ओल एका जागी जास्त असते आणि पाऊस पडला की वाढते.

दुसरी वाट जमिनीची. वीट आणि सिमेंट जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीसारखे वर ओढतात. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसला की हे पाणी भिंतीत साधारण तीन फुटांपर्यंत चढते आणि मागे लोणा सोडते. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तशा जमिनीवर हा त्रास पाऊस संपल्यावरही चालू राहतो.

तिसरी वाट आपली स्वतःची. श्वास, घाम, स्वयंपाक, खोलीत वाळत घातलेले कपडे. गॅस जळतानासुद्धा पाण्याची वाफ होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येते. खालच्या खोलीची फरशी आणि भिंत थंड असते, वाफ तिथे जाऊन पाणी होते. पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो तो हाच.

वाट ओळखायची सोपी परीक्षा अशी. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्या. फरशीवर एक आणि भिंतीवर एक, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावा. एक-दोन दिवस तसेच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येते आहे. वरच्या बाजूला थेंब दिसले तर ते खोलीतल्या हवेचे आहे. दोन्हीकडे असतील तर दोन्ही कामे करावी लागतील. भिंत भुसभुशीत असेल तर चिकटपट्टी बसत नाही, तिथे आधी सुटलेला गिलावा खरवडून घ्या.

मोरीची परीक्षा वेगळी. मोरीचे भोक बोळा घालून बंद करा, दोन इंच पाणी भरा, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा. सकाळी पाणी खुणेच्या बरेच खाली गेले असेल तर मोरी गळते आहे.

त्या घरात तिन्ही वाटा निघाल्या. वरच्या मजल्याच्या गच्चीचे सगळे पाणी याच भिंतीच्या मुळाशी पडत होते आणि ते इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

कामाचा क्रम

काम बाहेरून आत करत या. आतून सुरुवात केली तर पैसे वाया जातात.

*बाहेर.* छताचा पाइप लांबवून पाणी गटारापर्यंत न्या. गटारातला गाळ काढा. भिंतीला लागून ठेवलेली माती, विटा, रेती, झाडाच्या कुंड्या हलवा. उंबरठा सहा ते नऊ इंच उंच करा. मोरी गळत असेल तर आताच दुरुस्त करा. जोरदार पावसात गटाराचे पाणी मोरीतून उलटे येत असेल तर पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी झडप प्लंबरकडून बसवून घ्या.

*मग वाळवण.* बाहेरचे काम झाल्यावर सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत छिन्नीने काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका. तो पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. बुरशीचे मात्र उलट आहे. ती कोरडी घासली तर तिचे कण उडतात. ती साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, फडके फेकून द्या. दोन्ही कामांना नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातात मोजे हवेतच. दमा असलेल्या माणसाने आणि गरोदर बाईने त्या वेळी खोलीत थांबू नये. यानंतर दारे-खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावा आणि भिंत उन्हाळाभर वाळू द्या. हेच काम सगळ्यात स्वस्त आहे आणि हेच लोक टाळतात, कारण यात काही झालेले दिसत नाही.

*फरशी.* जुना कोबा भक्कम असेल तर फोडू नका. तो सपाट करून त्यावर २५० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिक अंथरा. दोन पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवा, कडा भिंतीवर चार-सहा इंच वळवा. त्यावर किमान तीन इंच काँक्रीट घाला. सात दिवस पाणी मारा आणि मग पुरते वाळू द्या. जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा ढोबळ हिशेब धरा. पाऊस पडल्यावर फरशीतून पाणी झऱ्यासारखे वर येत असेल तर प्लास्टिकने ते थांबत नाही. ती खोली राहण्याच्या बेतातून सोडून द्या.

*भिंती.* ज्या भिंतीमागे मोकळी हवा आहे तिला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी उत्तम. चुन्यातून भिंतीचे पाणी हळूहळू उडून जाते. ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट आणि टाइल्स पाण्याला कोंडतात, मग ते आणखी वर चढते. ज्या भिंतीमागे रस्त्याची माती आहे तिचे गणित वेगळे. तिला पाणी अडवणाऱ्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात, फरशीपासून रस्त्याच्या पातळीच्या फूटभर वरपर्यंत, जाणत्या गवंड्याकडून द्यावे लागतात. तरीही कपाट, गादी, पलंग त्या भिंतीपासून चार बोटे लांब ठेवा.

*हवा.* समोरासमोर दोन वाटा हव्यात. एका बाजूला छताजवळ एक्झॉस्ट फॅन, दुसऱ्या बाजूला हवा आत यायला जाळीची खिडकी. स्वयंपाक आणि कपडे वाळवणे खाली नको. पाऊस कोसळत असताना खिडकी उघडी ठेवली तर बाहेरची दमट हवाच आत येते. उघडीप पडली, ऊन आले की उघडा.

*वीज.* हे काम आपल्या हाताने करू नका. ओल्या भिंतीतली वायर जीव घेते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि सगळे सॉकेट फरशीपासून चार फूट वर घ्या. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करा आणि बाकीचे काम थांबवा.

या चार गोष्टी करू नका

१. छत डोक्याला लागते म्हणून जमीन खोदून खोली खोल करू नका. पायाखालची माती गेली की भिंत बसते, आणि आपल्याकडे ती भिंत शेजाऱ्याचीही असते.

२. ओल्या भिंतीवर पीओपी, प्लायवुड किंवा वॉलपेपर लावू नका. मागे बुरशी वाढत राहते आणि वास आल्याशिवाय कळत नाही.

३. खोली वाळवायला किंवा बाळंतिणीला शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. बाळ तर सांगूही शकत नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वापरा, बाळापासून दूर.

४. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचे अॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि खालच्या खोलीत तो कोंडून राहतो.

तिथे कोण झोपणार?

आमच्या घरभेटींत आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्याचा आवाज घरात सगळ्यात कमी, त्याची खाट सगळ्यात ओल्या खोलीत. कमावता मुलगा वर, आजी खाली. पाहुणे वर, बाळंतीण खाली. किंवा आपण सगळे वर आणि खाली भाडेकरू. यात कोणाच्या मनात दुष्टावा असतो असे नाही. "त्यांना जिना चढवत नाही," "बाळंतिणीला वारा लागायला नको," अशी कारणे असतात. पण ज्याची फुप्फुसे सगळ्यात कमजोर, त्यालाच आपण सगळ्यात वाईट हवा देतो.

पाणी शिरण्याचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना काही उचलायलाही वेळ मिळाला नाही. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी घुसले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी वारले. आपलीही मुले अशाच खालच्या खोल्यांत अभ्यासाला बसतात. म्हणून खालच्या खोलीला दारावाचून दुसरी वाट हवी. खिडकीचे गज आतून उघडता आले पाहिजेत. ज्याला स्वतःहून उठून जिना चढता येत नाही, त्याला पावसाळ्यात रात्री खाली झोपवू नये.

काम पुरे झाले तरी एक अख्खा पावसाळा खोली फक्त दिवसा वापरा आणि मिठाची परीक्षा घ्या. जाड्या मिठाच्या दोन वाट्या, एक वर, एक खाली. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटते. पावसाळ्यात ते वरही सुटेल. पाहायचे ते एवढेच की उघडीप पडल्यावर वरची वाटी कोरडी होऊ लागली तरी खालची ओलीच राहते का. राहत असेल तर खोली अजून झोपण्याजोगी झालेली नाही.

त्या घराचे काय झाले

टाइल्सच्या पैशांत छताचा पाइप, मोरी, फरशी आणि वायरिंग झाले. गिलावा घरच्यांनी काढला, मंडळाच्या चार जणींनी घमेली उचलली. सासूबाईंना आमचा एक निर्णय आवडला नव्हता. आम्ही सांगितले होते की या वर्षी बाळंतीण वरच राहील आणि तिच्यासाठी जागा करायला दोन्ही मुलगे खाली न झोपता पोटमाळ्यावर झोपतील. आठ दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

वर्षावास सुरू झाला. फरशी कोरडी राहिली. रस्त्याकडची भिंत मात्र श्रावणात पुन्हा ओलावली, आधीपेक्षा कमी, पण ओलावली. खालच्या वाटीतले मीठ पाणीच झाले. बाळ वर जन्माला आले तसे वरच राहिले. एका दुपारी सासूबाई आम्हाला खाली घेऊन गेल्या, त्या भिंतीला हात लावून दाखवला आणि म्हणाल्या, "इथे पाळणा बांधणार होते मी."

आता त्या खोलीत दिवसा शिलाई मशीन चालते, संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात, दहा वाजता दिवा मालवून सगळे वर जातात. या उन्हाळ्यात त्या भिंतीला लेप द्यायचा आहे. मग पुढचा पावसाळा पाहू.

एक काम मात्र एकट्या घराचे नाही. रस्ता पुन्हा वर येणार असेल तर काम सुरू होण्याआधी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या. जुना थर खरवडून मगच नवा घाला आणि गटाराचा उतार घरांपासून लांब ठेवा, अशी मागणी करा. अर्जाची पोच घ्या, घराच्या उंबरठ्याचे आणि रस्त्याचे फोटो तारखेसह ठेवा. रस्ता झाल्यावर केलेली तक्रार ऐकणारा माणूस शोधावा लागतो. आधी दिलेला अर्ज निदान फाइलमध्ये असतो.

आणि आज घरी एवढे करा. खालच्या खोलीत जा, दार लावून पाच मिनिटे बसा, भिंतीला हात लावा. तिथे रोज कोण झोपते, ते आठवा.